एका अणूची उणीव आणि उंदराची आकडी

प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदराला डीऑक्सिपिरिडॉक्सिन नावाचे द्रव्य पुरेशा मात्रेत टोचले, तर काही वेळाने त्याला आकडी येते. मात्र ब-६ जीवनसत्त्व भरपूर दिलेले असेल, तर ही आकडी टळते.

नवल असे की, हे घातक द्रव्य त्या जीवनसत्त्वाचेच भावंड आहे. ब-६, म्हणजे पिरिडॉक्सिन, याच्या रेणूतील ठरावीक जागेचा ऑक्सिजनचा एकच अणू नाहीसा झाला की डीऑक्सिपिरिडॉक्सिन होते. एवढ्याशा फरकाने अनर्थ का व्हावा?

मेंदूतील ग्लुटामिक अम्ल मज्जापेशींना चेतविते. याच अम्लापासून एक विकर गॅमा-अमिनो-ब्युटिरिक अम्ल, संक्षेपाने ‘गाबा’, तयार करते. १९५० साली मेंदूत आढळलेल्या या गाबाचे कार्य उलट, म्हणजे पेशींना आवरण्याचे आहे. परंतु या विकराला ब-६ पासून शरीरात बनणाऱ्या पिरिडॉक्सल फॉस्फेटची जोड लागते. ते ज्या टोकाने ग्लुटामिक अम्लाला धरते, नेमक्या त्याच टोकाला तो ऑक्सिजनचा अणू असतो. नकली रेणू शरीराला ओळखता येत नाही. अस्सलाप्रमाणे त्यालाही फॉस्फेट जोडले जाते. तो विकरातील जागा अडवितो आणि तेथे निरुपयोगी होऊन बसतो. गाबाची निर्मिती मंदावते व चेतलेल्या पेशींना लगाम राहत नाही.

हिशेब मात्र इतका सरळ नाही. काही द्रव्ये मेंदूतील गाबा वाढवूनही झटके आणतात. तेव्हा साठा किती, एवढ्यावरच सारे अवलंबून नसते.

उंदरांत दिसणारी ही गोष्ट माणसांतही घडली आहे. अमेरिकेत डब्यातील एका दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. त्याचा वृत्तांत १९५४ साली प्रसिद्ध झाला. निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने दुधातील ब-६ नष्ट झाले होते. ते जीवनसत्त्व मिळताच झटके थांबले.

क्षयरोगावर १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड हे औषधही पिरिडॉक्सल फॉस्फेटला त्याच टोकाशी जखडून टाकते. म्हणूनच ते फार मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास झटके येतात. आकडीची नेहमीची औषधे तेथे पुष्कळदा लागू पडत नाहीत. शिरेतून ब-६ द्यावे लागते. पोटात गेलेल्या दर ग्रॅम आयसोनियाझिडमागे एक ग्रॅम, असे त्याचे प्रमाण डॉक्टर धरतात.