झाकली मूठ सव्वा लाखाची



ऊसबिल जमा झाले, की पासबुकाचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची चाल पडली आहे, असे आम्ही पाहतो. दर समजतो हे खरे. पण त्याच फोटोत नाव, खाते नंबर, शाखा आणि शिल्लकही दिसते. ग्रुपात शे-दोनशे माणसे. फोटो पुढे कुठे जाईल, कोण सांगणार? मग एखादा भामटा फोन करतो, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणतो, रक्कमही बिनचूक सांगतो. आपला विश्वास बसतो, ओटीपी दिला जातो आणि वर्षाची कमाई जाते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: दर कळवायचा तर आकडा लिहावा, कागद दाखवू नये. आधारची प्रत द्यायची तर चालेल तिथे पहिले ८ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्यावे. अनुदानाच्या नावाने आलेली एपीके फाईल उघडू नये. फसगत झालीच तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. उशीर झाला, की पैसे हातचे जातात.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पण हक्क मिळाला तरी राखण आपली आपणच करायची, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.