नदीचं वीजबिल

धुळ्यात एकवीरा देवीच्या देवळापाशी उभं राहिलं की समोर पांझरा नदी. पण शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा येतो तापीतून, सुलवाडे बॅरेजवरून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांबून. तापीचं पात्र खोल आणि धुळे शंभराहून जास्त मीटर उंचावर, म्हणजे हे पाणी पंपानं वर चढवावं लागतं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंप आणि मोटारीची घट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. रोज एक कोटी लिटर चढवायचं म्हटलं तर रोज चार हजार युनिट. कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, तेव्हा हे झाले अडीच टनांच्या आसपास कोळसा आणि त्यातून उरणारी जवळजवळ टनभर राख. वाहिनीतलं घर्षण यात धरलेलंच नाही.

खान्देशात नदी आणि वीज ही दोन खाती वेगळी ठेवण्याची सवय आहे. नदीचा विषय निघाला की घाटाची स्वच्छता मोहीम आणि गणेश विसर्जन, विजेचा निघाला की भारनियमन आणि अनुदान. हिशेब मात्र एकाच वहीत लिहिला जातोय.

पूर्वी तो कसा चालायचा, हे पांझरेच्याच काठी दिसतं. साक्री-धुळ्याच्या पट्ट्यातली फडपद्धत काही शतकं जुनी. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी द्यायला गावानं नेमलेला पाटकरी. सगळं उतारावर, विजेचं नावही नाही. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांना पहिली मोठी कामगिरी मिळाली ती याच भागात, दातर्तीला, पांझरेच्या पात्राखालून नळानं पाणी पलीकडे नेण्याची. तिथेही पाणी चढलं ते स्वतःच्या दाबानं. फडाचं कौतुक ऐकून ऐकून कान किटलेत हे खरं, पण एक गोष्ट त्या कौतुकात सुटते. वरच्या बंधाऱ्यातून सुटलेलं पाणीच खालच्या बंधाऱ्याला मिळायचं, त्यामुळे वरच्यानं काय केलं ते खालच्यापासून लपत नसे. आता धुळ्याची घाण पांझरेतून खाली बेटावदकडे जाते, मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापीला मिळते आणि धुळेकराला त्याची खबरही लागत नाही. 

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ महाराष्ट्रात, इतके दुसऱ्या कोणत्याच राज्यात नव्हते. खान्देशातल्या तापी आणि वाघूर तिसऱ्या वर्गात, गिरणा आणि चाळीसगावची तितूर चौथ्या, पांझरा आणि साक्रीची कान पाचव्या वर्गात. हे वर्ग ठरतात बीओडीवर. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खातात. एका लिटरमागे त्यांनी किती मिलिग्रॅम खाल्ला तो आकडा म्हणजे बीओडी. आंघोळीच्या पाण्याला तो ३ पर्यंत चालतो. ३ ते ६ म्हणजे पाचवा वर्ग, ६ ते १० चौथा, १० ते २० तिसरा, आणि ३० च्या वर गेला की पहिला.

मग पांझरा बरीच म्हणायची? नाही. नमुना कुठे आणि कोणत्या महिन्यात घेतला यावर सगळं अवलंबून. ऑगस्टमध्ये पूर आला की बीओडी आपोआप खाली येतो, कारण घाण तेवढीच आणि पाणी शंभरपट. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांची. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम सात. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा उथळ डबक्यातल्या पाण्याची गत काय होत असेल! ज्या महिन्यांत नदीपाशी प्राणवायू सगळ्यात कमी, त्याच महिन्यांत पात्रात वाहतं ते बहुतेक गावाचं सांडपाणी. म्हणून मेलेले मासे वर येतात ते उन्हाळ्यात, आणि बातमी येते की कुणीतरी विष टाकलं.

गिरणेची गोष्ट आणखी गुंतलेली. मालेगावात मोसम तिला मिळते ती शहराचं सांडपाणी, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांचं आणि प्लास्टिक धुण्याच्या धंद्याचं पाणी घेऊन. हे सगळं गिरणा धरणाच्या वरच्या अंगाला. धरणाखाली चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत नदी जळगावला येते, तेव्हा तिच्यात पाण्यापेक्षा ट्रॅक्टर जास्त दिसतात. वाळू हे घर बांधायचं साहित्य आहेच, पण नदीसाठी ती गाळणीही आहे: पाणी तिच्यातून झिरपतं, थोडंफार गाळून निघतं, काठच्या विहिरींना पुरतं. वाळू उपसून खालचा खडक उघडा पडला की गाळणीही गेली आणि साठाही. मग विहीर आणखी खोल आणि मोटार आणखी मोठी. आलंच परत वीजबिल.

आता दीपनगरकडे. भुसावळजवळचं महानिर्मितीचं हे औष्णिक केंद्र म्हणजे खान्देशाच्या हिशेबवहीतलं सगळ्यात मोठं पान. १९६० च्या दशकात एका छोट्या संचानं सुरू झालेल्या या केंद्रात पुढे पाचशे-पाचशे मेगावॉटचे दोन संच आले, आणि अलीकडे ६६० चा. कोळसा रेल्वेनं लांबून येतो, पाणी मात्र इथलंच, तापीचं, हतनूर धरणातून. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार अशा जुन्या केंद्रांनी एका युनिटमागे साडेतीन लिटरच्या वर पाणी वापरू नये. पाचशेचे दोन संच दिवसभर पूर्ण भारानं चालले तर दोन कोटी चाळीस लाख युनिट होतात. साडेतीन लिटरनं गुणा, रोजचे सुमारे आठ कोटी चाळीस लाख लिटर. आपल्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राख. ती कालवून वेल्हाळ्याकडच्या बंधाऱ्यात साठवली जाते. उन्हाळ्यात वाऱ्यानं उडते, पावसाळ्यात वाहून जाण्याची धास्ती. २०२१ च्या अधिसूचनेनं सगळी राख सिमेंट, विटा, रस्ते अशा कामांत वापरणं केंद्रांवर बंधनकारक केलं आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये दंड ठेवला. हा दंड काठच्या शेतकऱ्याला मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

याच वहीच्या दुसऱ्या बाजूला जळगाव शहर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४ लाख ६० हजार. माणशी १३५ लिटरचा सरकारी मापदंड धरला आणि त्यातलं ऐंशी टक्के पाणी गटारात जातं असं मानलं, तर रोजचं सांडपाणी झालं पाच कोटी लिटरच्या आसपास. दीपनगर तिथून तीसेक किलोमीटर. आणि २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात स्पष्ट म्हटलंय की सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रानं ते शुद्ध केलेलं पाणी वापरणं सक्तीचं आहे. नागपूरनं हे करून दाखवलं: भांडेवाडीतलं शुद्ध केलेलं रोजचं १३ कोटी लिटर सांडपाणी कोराडीच्या केंद्राला जातं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. कोराडी चालवणारी कंपनीही महानिर्मितीच. माझ्या मते जळगाव-भुसावळच्या कोणत्याही नदी आराखड्यातली ही पहिली ओळ असायला हवी. घाटाला फरशी आणि नदीकाठी रंगीत दिवे नंतर.

शुद्धीकरण केंद्र उभारलं की काम झालं, असं मात्र नाही. त्या केंद्रात सगळ्यात जास्त वीज खातात ते हवा फुंकणारे ब्लोअर, कारण नदीत जे काम जिवाणूंना कमी प्राणवायूत करावं लागतं ते इथे त्यांना मुबलक हवा देऊन करून घ्यायचं असतं. ब्लोअर बंद पडला की केंद्र म्हणजे नुसता मोठा हौद. नगरपालिकांची बिलं थकतात, वीज तुटते, आणि कागदावर चालू असलेलं केंद्र घाण पाणी तसंच पुढे ढकलतं. ब्लोअर दिवसा सौर विजेवर चालवले तर हे बिल बरंच खाली आणता येईल, आणि उन्हाची या भागात कधी टंचाई झालेली नाही.

सौर आणि पवन विजेत धुळे जिल्हा मागे नाही, उलट राज्यात पुढे आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग लागलीय. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून सुरू आहे. पवनचक्क्यांचा जोर जून ते सप्टेंबर आणि सूर्याचा उरलेल्या आठ महिन्यांत, असं हे जोडीनं जमतं. पाणीही जवळपास लागत नाही, पॅनल धुण्यापुरतं सोडलं तर.

जमीन मात्र लागते, एका मेगावॉटला चार-पाच एकर. विखरणचे ८४ वर्षांचे शेतकरी धर्मा पाटील यांची आंब्याची झाडं असलेली जमीन दोंडाईच्याच्या सौर प्रकल्पासाठी गेली. मोबदला कमी मिळाला म्हणून त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले, २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. या विजेला आपण स्वच्छ म्हणतो ते धुरापुरतं. जमिनीच्या व्यवहाराची धुलाई वेगळी करावी लागते. त्यापेक्षा घराच्या छतावरचं पॅनल बरं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे आणि त्यासाठी कुणाची बाग जात नाही.

राहिला केळीचा पट्टा. रावेर, यावल, चोपडा. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि गाळाचा जाड थर, पाणी झपाट्यानं पिणारा. त्या पाण्यावर केळी उभी राहिली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ठिबक आलं, तेही जळगावातल्याच कारखान्यातलं, आणि एका झाडाला लागणारं पाणी कमी झालं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लागली. रावेर-यावल अतिउपसा झालेल्या तालुक्यांत मोडतात. सुकी, मोर अशा सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांना दिवाळीनंतर पाणी राहायचं ते जमिनीतून पाझरलेलं. पातळी खाली गेली, पाझर आटला, आणि तापीकडे येणारं शुद्ध पाणी कमी झालं. घाण तेवढीच राहिली. हा थर पुन्हा भरण्यासाठी तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात मे २०२५ मध्ये झालाय.

इथे सौर कृषिपंपाचा धोका नीट समजून घ्यायला हवा. विजेची मोटार रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेनं थांबते, डिझेलची खर्चानं थांबते. सौरपंपाला थांबवायला काहीच नाही. ऊन आहे तोवर पाणी फुकट. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ साली मूठभर शेतकऱ्यांनी यावर तोड काढली. सौरपंपवाल्यांची सहकारी संस्था स्थापली, पंप ग्रीडला जोडले, आणि पाण्याची गरज नसेल तेव्हा वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. उपसलेल्या प्रत्येक लिटरमागे आता विक्रीचे पैसे बुडू लागले, म्हणून शेतकरी जपून उपसू लागला. सौरपंपांसाठीच्या केंद्र सरकारच्या कुसुम योजनेत ग्रीडला जोडलेल्या पंपांची तरतूद २०१९ पासून आहे. आपल्याकडे मात्र भर आहे तो ग्रीडपासून सुटे सौरपंप वाटण्यावर, कारण वाटप मोजता येतं आणि फोटो काढता येतो. यावलच्या केळीवाल्याला मे महिन्यात विजेचं युनिट विकून किती मिळेल आणि तेवढ्याच पाण्यावर घडाचं वजन किती वाढेल, हा भाव त्यानं स्वतः काढायचा आहे, आणि त्यासाठी त्याच्या पंपाला दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर लागेल. महावितरणकडे मागायची गोष्ट ही आहे.