रात्रभर झोपतं का हो बाळ?

बारशाला आलेल्या पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. दूध पुरतं ना, आणि रात्रभर झोपतं का? दुसऱ्याला ‘नाही’ म्हणायची आईला चोरी, कारण लगेच सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात, काही निरुपयोगी आणि एखाददुसरा चांगलाच धोक्याचा.

‘सहा महिन्यांचं झालं, आता रात्रभर झोपायलाच हवं’

असं बाळांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या सहा महिन्यांच्या 388 बाळांपैकी 38 टक्के बाळं रात्री सलग सहा तासही झोपत नव्हती. सलग आठ तासांची अट लावली तर 57 टक्के नापास! वर्षाच्या बाळांतही 28 टक्क्यांना सलग सहा तास जमत नव्हते. या ‘नापास’ मुलांच्या बौद्धिक किंवा शारीरिक हालचालींच्या विकासात काही उणं आढळलं नाही.

कारण झोपेच्या रचनेतच आहे. मोठ्या माणसाचं झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, तान्ह्याचं पन्नास-साठ मिनिटांचं. आवर्तन संपताना झोप पातळ होते. आपण कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो, सकाळी ते आठवतही नाही. बाळाला कूस बदलता येत नाही, मग ते हाक मारतं. त्यातून नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हालचालीची असते. ते कण्हतं, तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, आणि हे सगळं झोपेतच. आपण धावत जाऊन उचलतो आणि झोपलेल्या बाळाला स्वतःच जागं करतो. अशा वेळी मिनिटभर थांबून पाहावं. दिवस कुठला आणि रात्र कुठली, हे कळणारं शरीरातलं घड्याळ लागायलाच दोन ते चार महिने जातात.

किती झोप पुरेशी, याचे आकडेही ऐसपैस आहेत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे चार ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप हवी. म्हणजे दोन निरोगी बाळांत चार तासांचा फरक असू शकतो. शेजारचं बाळ किती झोपतं, हे विचारून काहीच हाती लागत नाही.

‘पोट भरत नसेल, पेज सुरू करा’

रात्री बाटलीतून तांदळाची पूड देऊन बाळं जास्त झोपतात का, हे 1989 साली अमेरिकेत तपासून झालं. फरक पडला नाही. लंडनमधल्या 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात तिसऱ्या महिन्यापासून वरचं अन्न दिलेली बाळं थोडी जास्त झोपली खरी, पण किती? फरक सर्वांत जास्त होता तेव्हाही रात्रीला साधारण 17 मिनिटं. सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला तेवढ्यासाठी मोडावा असं मला वाटत नाही.

‘घुटी घरचीच, तिने काय होणार?’

हा समज सर्वांत चिवट आहे. सहाणेवर जायफळाचे दोन वेढे, वेखंडाचा एक, वर मधाचं बोट. प्रेमाने केलेलं असतं, म्हणून बोलायलाही अवघड जातं. पण जायफळ जास्त झालं तर ते विषारी ठरतं, आणि वेढ्याला माप नसतं. आजीच्या हाताचा वेढा वेगळा, मावशीच्या हाताचा वेगळा. वेखंडातल्या एका घटकामुळे अमेरिकेने 1968 साली ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध मुळीच नको. बाळाला गुंगी आणणारी कुठलीही गोष्ट ‘झोप लागली’ या खात्यात जमा करता येत नाही.

बाळाला गप्प निजवण्याची ही गरज कुठून येते, ते मुंबईच्या इतिहासात दिसतं. शंभरेक वर्षांपूर्वी गिरणीत पाळीला जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना ‘बाळगोळी’ देत. तिच्यात अफू असे. 1920 च्या दशकातल्या सरकारी चौकशांत तिची नोंद आहे. त्या बाया क्रूर नव्हत्या. खोलीत बाळाकडे बघायला कुणी नव्हतं आणि भोंगा थांबणार नव्हता. इंग्लंडमध्ये 1851 साली निघालेल्या ग्राइप वॉटरमध्येही पूर्वी अल्कोहोल असे. बाळं शांत होत, यात नवल ते काय!

‘उचलून घेतलं की सवय लागते’ आणि ‘रडू दिलं की मनावर ओरखडा’

एकाच घरात हे दोन्ही ऐकायला मिळतं, बहुधा एकाच रात्री. पहिल्या काही महिन्यांत उचलून बाळ लाडावत नाही. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी 2022 मध्ये तर रीतच सांगितली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं संथ चालावं, ते झोपलं की पाच-आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसावं आणि मगच खाली ठेवावं. आपण घाईने ठेवतो, तिथेच डाव उधळतो.

दुसरी बाजू अशी. सहा महिन्यांनंतर थोडं-थोडं थांबून जवळ जाण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात अभ्यासली गेली. अ‍ॅडलेडमध्ये वर्षभराने मुलांचं आईशी नातं बिघडलेलं दिसलं नाही, मेलबर्नमध्ये मुलं सहा वर्षांची झाल्यावरही अपाय आढळला नाही. म्हणून ती पद्धत सगळ्यांनी वापरलीच पाहिजे असंही नाही. दीड खोलीच्या घरात, भिंतीपलीकडे शेजारी असताना, ती जमायचीही नाही.

‘दृष्ट लागली’

तिन्हीसांजेचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास टिपेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दृष्ट काढली तरी ओसरतं, नाही काढली तरी. फक्त मिरच्यांचा धूर बाळाच्या नाकात जाऊ देऊ नये.

‘मोहरीच्या उशीने डोकं गोल होतं’

वर्षाच्या आत उशीच नको, मोहरीचीही नाही. बाळाला पाठीवरच निजवावं. अमेरिकेत 1994 पासून हाच प्रचार झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आईच्याच खोलीत, पण वेगळ्या सपाट अंथरुणावर. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं, किंवा शेजारी सिगारेट-दारू घेणारं माणूस असणं, हे खरे धोके.

‘मोठं झालं की आपोआप सुटेल’

बहुतेक वेळा सुटतं. पण मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर टॉन्सिल्स किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात. रात्रभर पाय झाडत असेल तर रक्तातलं लोह पाहावं. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. तेव्हा ही शंका दूरची नव्हे.

‘आईला जागायची सवय असते’

नसते. जर्मनीत हजारो आईवडिलांच्या नोंदी तपासून 2019 मध्ये निघालेला निष्कर्ष असा: बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत आईची झोप दिवसाला सुमारे तासाने घटली, वडिलांची जेमतेम पाव तासाने. आणि सहा वर्षांनीही दोघांची झोप पूर्वपदावर आली नव्हती. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हे म्हणणं सोपं; मग लंगोट कोण धुणार? त्यापेक्षा रात्रीच्या पाळ्या वाटाव्यात. वडिलांना पाजता येत नाही, पण ढेकर काढणं, दुपटं बदलणं, चालून फिरवणं जमतं. आईला सलग चार-पाच तास मिळाले तरी पुढचा दिवस बदलतो. शेजारी बाळ शांत झोपलेलं असूनही तिचा डोळा लागत नसेल आणि दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं, किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ला 14416 वर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.