कर्करोगाच्या औषधांच्या जाहिराती व वैद्यकीय नियतकालिके

कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात सर्वसामान्य जनतेपुढे मांडण्यास भारतात बंदी आहे. औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ या कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. मात्र केवळ नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांकडे विहित पद्धतीने गोपनीयरीत्या पाठविलेली जाहिरात या बंदीतून वगळलेली आहे. सामान्य माणूस भुलेल, परंतु प्रशिक्षित डॉक्टर भुलणार नाही, हे गृहीतक या सवलतीच्या मुळाशी आहे. अमेरिकेत औषध कंपन्या थेट रुग्णांसाठीही जाहिरात करू शकतात. तेथे १९६२ च्या कायदादुरुस्तीने डॉक्टरांच्या औषधांच्या जाहिरातींवर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख आली आणि गुणांबरोबर दुष्परिणामांचा सारांश छापणे बंधनकारक झाले.

वैद्यकीय नियतकालिकातील जाहिरातीचे वैशिष्ट्य असे, की ती शेजारच्या शोधनिबंधासारखीच दिसते. तीत आलेख असतो, टक्केवारी असते, संदर्भक्रमांक असतो. शोधनिबंध तज्ज्ञ-परीक्षणातून गेलेला असतो, जाहिरात तशी गेलेली नसते. ती तशी गेली तर काय होईल, हे १९९२ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. दहा प्रमुख नियतकालिकांतील पूर्ण पानाच्या १०९ जाहिराती, त्यांतील उपलब्ध संदर्भांसह, प्रत्येकी दोन डॉक्टर व एक औषधशास्त्रज्ञ यांच्याकडे परीक्षणासाठी देण्यात आल्या. डॉक्टरकडे अन्य कोणतीही माहिती नसल्यास ४४ टक्के जाहिरातींमुळे औषध अयोग्य रीतीने लिहून दिले जाईल, असे मत परीक्षकांनी नोंदविले. २८ टक्के जाहिराती तर त्यांनी छापण्यायोग्यच मानल्या नाहीत. या लेखानंतर त्याच नियतकालिकाचे जाहिरात-उत्पन्न घटले, ही गोष्ट संपादकांच्या स्वातंत्र्याविषयी पुष्कळ काही सांगते.

संदर्भक्रमांकाचेही तसेच. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील पाहणीत रक्तदाब व कोलेस्टेरॉलवरील औषधांच्या जाहिरातींतील विधाने मूळ संदर्भांशी ताडून पाहिली गेली. ज्या १०२ विधानांचे संदर्भ मिळाले त्यांपैकी ४४ टक्के विधानांना त्या संदर्भांचा आधार नव्हता. बहुतेक ठिकाणी एका प्रकारच्या रुग्णांवरील अभ्यास दुसऱ्याच प्रकारच्या रुग्णांसाठी वापरलेला होता.

कर्करोगाच्या बाबतीत अडचण याहून सूक्ष्म आहे. येथे खोटा आकडा द्यावा लागत नाही. खऱ्या आकड्यांतून सोयीचा निवडला तरी पुरते. कर्करोगावरील चाचण्यांत दोन निकष वारंवार येतात. एक, एकूण जीवितकाळ, म्हणजे रुग्ण किती काळ जगला. दुसरा, रोगवृद्धिरहित काळ, म्हणजे रोग न वाढता किती काळ गेला. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या गाठींच्या मापांची बेरीज साधारणतः २० टक्क्यांनी वाढली अथवा नवी गाठ दिसली, की रोग वाढला असे मानतात. दुसरा निकष लवकर मोजता येतो, म्हणून चाचणीस सोयीचा. परंतु गाठ उशिरा वाढली म्हणजे आयुष्य वाढले, असे प्रत्येक वेळी होत नाही.

बेव्हासिझुमॅब (अ‍ॅव्हास्टिन) या औषधाचा स्तनाच्या कर्करोगातील इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. शरीरात अन्यत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. पॅक्लिटॅक्सेलबरोबर हे औषध दिल्यास रोगवृद्धिरहित काळ ५.९ महिन्यांवरून ११.८ महिन्यांवर गेला. ‘दुप्पट’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. ‘रोगवृद्धीच्या धोक्यात ४० टक्के घट’ हेही खरे. पण घाईत वाचणाऱ्याला त्याचा अर्थ शंभरांतील चाळीस रुग्ण वाचले असा वाटू शकतो. वस्तुतः तो केवळ रोग वाढण्याच्या वेगातील फरक आहे. आता त्याच चाचणीतील दुसरा आकडा पाहावा. एकूण जीवितकाळ २५.२ महिन्यांऐवजी २६.७ महिने, आणि हा दीड महिन्याचा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. दोन्ही आकडे एकाच शोधनिबंधातले. कोणता ठळक टाइपात छापावा, हे मात्र जाहिरातदार ठरवतो.

अमेरिकेच्या प्रशासनाने फेब्रुवारी २००८ मध्ये, सल्लागार समितीचे मत पाच विरुद्ध चार असे प्रतिकूल असतानाही, या वापरास त्वरित मान्यता दिली. पुढील चाचण्यांत रोगवृद्धिरहित काळातील लाभ तीन महिन्यांहूनही कमी भरला व जीवितकाळ वाढल्याचे दिसले नाही. तीव्र रक्तदाब, रक्तस्राव, आतड्यास छिद्र पडणे हे धोके मात्र कायम राहिले. १८ नोव्हेंबर २०११ रोजी ही मान्यता रद्द झाली. अन्य काही कर्करोगांसाठी ते औषध मान्यताप्राप्तच राहिले. मधल्या पावणेचार वर्षांत ज्या स्त्रियांनी ते घेतले, त्यांनी त्याची किंमत पैशांत व शरीरावरही मोजली.

जाहिरात काय सांगते याइतकेच, कशाची जाहिरात होतच नाही हेही महत्त्वाचे आहे. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातील संशोधकांनी बऱ्या न होणाऱ्या मुख-कंठ व मस्तक-ग्रीवेच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांवर चाचणी केली. मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब ही तोंडाने घ्यावयाची स्वस्त औषधे आणि शिरेतून दिले जाणारे सिस्प्लॅटिन यांची ही तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. जीवितकाळाचा मध्यांक गोळ्या घेणाऱ्यांत ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांत ६.१ महिने होता, आणि गोळ्यांचे तीव्र दुष्परिणामही कमी होते. लाभ येथेही काही आठवड्यांचाच आहे, हे मान्य करावे लागते. पण तो प्रत्यक्ष जीवितकाळातला आहे. पेटंट केव्हाच संपलेल्या या औषधांसाठी पूर्ण पानाची जाहिरात देण्यात कोणत्याही उत्पादकाचे हित नाही. त्याच रुग्णालयातून २०२२ साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांस २० मिलिग्रॅम, अशा गोळ्यांच्या उपचाराच्या जोडीने दिले गेले. वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण त्यामुळे १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.