मेघापर्यंतची वाट

व्यापाराचे हिशेब, मालाच्या याद्या, गिऱ्हाइकांची पत्रे आणि नोकरांच्या पगाराचे तक्ते आपल्या कचेरीतील यंत्रात न ठेवता दूरच्या एखाद्या कंपनीच्या यंत्रांत ठेवावयाचे आणि हवे तेव्हा तारेवरून मागवून त्यांवर काम करावयाचे, या पद्धतीला ‘क्लाऊड’ म्हणजे मेघ असे नाव पडले आहे. या नावाचे मूळ मोठे मौजेचे आहे. जाळ्याचा नकाशा काढताना अभियंते आपल्या ताब्यातील यंत्रे चौकोनांनी दाखवीत, आणि जो भाग दुसऱ्याचा, ज्याचे अंतरंग दाखविण्याचे आपल्याला कारण नाही, त्याच्या जागी ढगाचे चित्र काढून मोकळे होत. म्हणजे ढग हे मुळात ‘येथे आत काय आहे ते विचारू नका’ असे सांगणारे चिन्ह होय. अभियंत्याला ते सोयीचे होते. परंतु आपला सारा व्यवहार ज्याने त्या ढगात नेऊन ठेवला, त्या व्यापाऱ्याने ते चिन्ह मुकाट्याने मान्य करावे काय? आमच्या मते करू नये.

कालिदासाचा यक्ष या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी होता असे म्हणावे लागते. त्याने मेघाला आधी वाट सांगितली, आणि निरोप मागाहून सांगितला. आज क्लाऊड विकावयास येणारे गृहस्थ यंत्रे किती, साठवण किती, दरमहा भाडे किती याविषयी पुष्कळ बोलतात. वाटेचा विषय मात्र बहुधा निघतच नाही.

वस्तुतः हा मेघ जमिनीवरच असतो. बहुधा बिनखिडक्यांची एक प्रचंड इमारत, तिला विजेच्या दोन-दोन जोडण्या, त्या दोन्ही गेल्या तर डिझेलवर चालणारी जनित्रे, आत थंड हवा आणि लोखंडी कपाटांच्या रांगांत रचलेले हजारो सर्व्हर, असे त्याचे स्वरूप असते. या सर्व्हरांना एकमेकांशी अखंड बोलावे लागते. त्यासाठी जी मांडणी आज रूढ आहे, तिचे गणित चार्ल्स क्लॉस या बेल प्रयोगशाळेतील संशोधकाने १९५३ साली मांडले होते, आणि तेही टेलिफोन एक्सचेंजसाठी! एकच अजस्र स्विच बांधण्याऐवजी लहान लहान स्विचांचे थर रचावेत, खालच्या थरातील प्रत्येक स्विच वरच्या थरातील अनेकांशी जोडावा, म्हणजे कोणालाही कोणाशी बोलताना अडथळा येत नाही, असा त्याचा आशय. यातील एखादा स्विच बंद पडला तरी उरलेले त्याचा भार वाहून नेतात. इमारतीच्या आतील ही व्यवस्था एकंदरीने चोख असते. तिची चिंता गिऱ्हाइकाने फारशी करू नये. चिंता करावयाची ती इमारतीबाहेरच्या वाटेची.

पहिला प्रश्न अंतराचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर या वेगाने जातो. हा वेग इतका अफाट वाटतो की अंतर जणू नाहीसेच झाले, असा आपला समज होतो. पण हिशेब करून पाहू. इचलकरंजीच्या एखाद्या सूत-व्यापाऱ्याचे दप्तर मुंबईच्या डेटा सेंटरात आहे असे धरा. रस्त्याने अंतर सुमारे ४०० किलोमीटर. प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत ८०० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे सेकंदाचे ४ सहस्रांश. वाटेतील राउटरांचा विलंब धरून फार तर १० म्हणा. तेच दप्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात असले तर? सरळ रेषेत अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. जाऊन येऊन किमान १३० सहस्रांश. आणि केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० किंवा अधिक. ‘सेकंदाचा पाचवा भाग! त्यात काय मोठेसे बिघडले?’ असे कोणी म्हणेल. परंतु बीजक तयार करणारा पडदा एका प्रश्नावर भागत नाही. गिऱ्हाइकाचे नाव, त्याची मागली बाकी, मालाचा साठा, कराचा दर असे चाळीस प्रश्न एकापाठोपाठ एक विचारण्याची त्या प्रणालीची रीत असेल, तर मुंबईशी हे संभाषण अर्ध्या सेकंदात आटोपते आणि व्हर्जिनियाशी त्याला आठ सेकंद लागतात. दिवसाला तीनशे बीजके फाडणाऱ्या कारकुनाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

यावर उपाय म्हणून अधिक रुंद जोडणी घेण्याचा सल्ला हटकून दिला जातो. तो येथे निरुपयोगी आहे. नळ मोठा बसविला म्हणून धरण गावाजवळ येत नाही. किंबहुना अंतर फार असले तर मोठा नळसुद्धा रिकामाच राहतो, आणि त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवर माहिती पाठविणारा थोडी माहिती पाठवून पलीकडून तिची पोच येण्याची वाट पाहतो. मूळच्या नियमाप्रमाणे पोच येईपर्यंत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेवर ठेवता येत. पोच यावयास सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल तर सेकंदात अशा पाचच खेपा होतात. म्हणजे सुमारे सव्वातीन लाख बाइट, मग जोडणी कितीही रुंद असो. हा नियम पुढे १९९२ साली शिथिल करण्यात आला आणि आजची यंत्रे एका खेपेत पुष्कळ अधिक माल पाठवू शकतात. तथापि वाटेत एखादे पुडके हरवले की यंत्र बिचकून खेप लहान करते, आणि लांबच्या वाटेवर ती पुन्हा मोठी होण्यास वेळ लागतो, हे अजूनही खरे आहे.

भारताच्या दृष्टीने हा प्रश्न गेल्या काही वर्षांत बराच सुटला. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, चेन्नई व मुंबई येथे आपली केंद्रे उघडली. २०१६ साली अॅमेझॉन आणि २०१७ साली गुगल मुंबईस आले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविली पाहिजे असा दंडक घातला, त्यामुळे बँकांपुरता तर पर्यायच उरला नाही. तेव्हा कंत्राटावर सही करण्यापूर्वी ‘आमचे दप्तर कोणत्या शहरात राहील?’ हे विचारून उत्तर लेखी घ्यावे, एवढे सांगून आम्ही या मुद्द्याची रजा घेतो. कारण याहून अवघड मुद्दा पुढे आहे.

तो असा की वाट तुटते. आणि ती तुटणार हे गृहीत धरून दुसरी वाट ठेवली तरी कधी कधी दोन्ही एकदम तुटतात. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले, ते दुपारी पावणेचार वाजता पुन्हा सुरू झाले. देशातील एवढा मोठा बाजार ऐन कामाच्या दिवशी चार तास मुका झाला! बाजाराने जो खुलासा केला तो मननीय आहे. त्याच्याकडे एक सोडून अनेक जोडण्या होत्या, आणि त्या दोन निरनिराळ्या दूरसंचार कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. तरीही दोन्ही कंपन्यांच्या जोडण्यांत एकाच वेळी बिघाड झाला. वाटेवर चाललेले खोदकाम व बांधकाम हे त्याचे कारण म्हणून सांगण्यात आले.

आपल्या शहरांतील रस्ते ज्याने पाहिले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. तंतू कोणत्याही कंपनीचा असो, त्याला जावयाचे असते रस्त्याच्या कडेनेच. पूल एकच असेल तर साऱ्यांच्या नळ्या त्याच पुलावरून जातात. पुष्कळदा तर एक कंपनी दुसऱ्या कंपनीचाच तंतू भाड्याने घेऊन आपल्या नावाने विकते. गिऱ्हाइकाला दोन बिले येतात आणि तो समजतो की आपल्याला दोन वाटा आहेत. जेसीबीचा दात एकदाच जमिनीत शिरतो, आणि मग दोन्ही बिलांची किंमत सारखीच होते.

जी गोष्ट रस्त्याची तीच समुद्राची. मुंबईहून एडन-सुएझमार्गे तारायंत्राची सागरी केबल १८७० साली टाकली गेली. आज तंतूंच्या केबली पश्चिमेकडे जातात त्याही अरबी समुद्रातून, तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तवरून. दीडशे वर्षांत तंत्र आमूलाग्र बदलले. भूगोल तसाच राहिला. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन निरनिराळ्या मालकांच्या दोन केबली तुटल्या, आणि भारताचा पश्चिमेशी चालणारा इंटरनेट-व्यवहार एकाएकी रोडावला. पुष्कळशी वाहतूक उलट्या दिशेने, पॅसिफिक महासागरातून, वळवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा केबली तुटल्या, तेव्हा आपल्या ग्राहकांना विलंब वाढेल अशी सूचना मायक्रोसॉफ्टला द्यावी लागली. व्यवहार बंद पडला नाही, कारण दुसऱ्या वाटा होत्या; पण त्या लांबच्या होत्या, आणि लांबच्या वाटेला वेळ लागतो हे आपण वर पाहिलेच. आपल्याकडे येणाऱ्या केबलींपैकी बहुतेक मुंबई आणि चेन्नई या दोनच शहरी किनाऱ्याला लागतात, आणि मुंबईतही त्यांतल्या बऱ्याच वर्सोव्याजवळच्या लहानशा पट्टीत वर येतात. ही गोष्ट आम्हांला तरी निश्चिंत झोप लागू देणारी वाटत नाही.

येथे एक पेच उभा राहतो, आणि तोच या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे. वेगासाठी जवळ असावे, तर सुरक्षिततेसाठी दूर असावे लागते. दप्तराची दुसरी प्रत शेजारच्याच इमारतीत ठेवली तर ती क्षणोक्षणी जुळवून घेता येते. पण २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस ज्याला आठवतो, तो दोन्ही प्रती एका शहरात ठेवण्यास धजणार नाही. बरे, दुसरी प्रत हैदराबादेस ठेवावी, तर प्रत्येक नोंद दोन्हीकडे झाल्याखेरीज ‘झाले’ म्हणावयाचे नाही असा नियम केल्यास दर नोंदीला सातशे किलोमीटरच्या जाण्या-येण्याचा वेळ मोजावा लागतो. नियम सैल केला, तर मुंबईवर संकट आले त्या क्षणापूर्वीच्या काही सेकंदांच्या नोंदी हैदराबादेत पोहोचलेल्याच नसतात. म्हणून मोठ्या क्लाऊड कंपन्या मधला मार्ग काढतात. एकाच प्रदेशात काही किलोमीटर अंतरावर, पण साधारणतः शंभर किलोमीटरच्या आत, स्वतंत्र विजेच्या दोन-तीन इमारती ठेवून त्यांत नोंदी तत्काळ जुळवावयाच्या, आणि दूरच्या शहरी थोडी मागे राहिलेली प्रत ठेवावयाची. किती मागे राहिलेली चालेल हे अभियंत्याने परस्पर ठरवावयाचे नसते. दोन मिनिटांची बीजके गेली तर आमचे किती नुकसान, हे मालकानेच सांगितले पाहिजे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. तेव्हा काही ग्राहकांना असे आढळले की आपली मूळ प्रत आणि पैसे मोजून ठेवलेली दुसरी प्रत, दोन्ही त्याच ठिकाणी होत्या. त्यांनी शहराचे नाव विचारले नव्हते असे म्हणवत नाही. पण दुसऱ्या प्रतीचे शहर विचारावयाचे राहिले होते खास.

आता चोरीविषयी. इंटरनेटवर कोणता पत्ता कोणाकडे आहे हे प्रत्येक जाळे आपल्या शेजाऱ्याला सांगते आणि शेजारी बहुधा त्यावर विश्वास ठेवतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्यासाठी ‘तो पत्ता माझ्याकडे आहे’ अशी घोषणा केली. ती देशाबाहेर गळाली, आणि सुमारे दोन तास जगातील पुष्कळ भागांतून यूट्यूबकडे निघालेली वाहतूक पाकिस्तानात जाऊन विरली. तेथे हेतू चोरीचा नव्हता; पण चोराला वाट दिसली. म्हणून अनेक कंपन्या सार्वजनिक रस्ता टाळून क्लाऊडपर्यंत खासगी जोडणी घेतात. तिने विलंब स्थिर राहतो हे खरे. पण खासगी वाट म्हणजे सुरक्षित वाट ही समजूत चुकीची आहे. गुगल व याहू यांच्या स्वतःच्याच दोन केंद्रांमधील तारांवरून हेरखाते माहिती टिपत होते असे २०१३ साली उघडकीस आले, तेव्हापासून या कंपन्या आपल्या अंगणातील तारांवरही माहिती सांकेतिक करून पाठवू लागल्या. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली दाखवून दिले होते की पूर्वी कधी न भेटलेली दोन माणसे भर चौकात बोलूनही एक गुप्त किल्ली ठरवू शकतात. ती विद्या आज प्रत्येक यंत्रात आहे आणि तिचा खर्च नगण्य आहे. ती न वापरण्यास सबब नाही.

कुलूप मजबूत झाले की प्रश्न उरतो तो किल्ल्यांचा आणि दारवानाचा. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन बँकेच्या १० कोटींहून अधिक लोकांची माहिती क्लाऊडमधून पळविली गेली. मेघाच्या भिंती शाबूत होत्या. फायरवॉलची मांडणी चुकली होती, आणि ती ग्राहकाच्या बाजूची होती. इमारत कंपनीची, पण आतील खोलीचे दार लावण्याचे काम भाडेकरूचे, अशी ही विभागणी असते. आणि भाडेकरू बहुधा ती वाचत नाही.

व्यापाऱ्याने यातील गणित शिकावे असा आमचा आग्रह नाही. त्याने जोडणी विकणाऱ्याकडून दोन्ही तंतूंचा रस्त्यांसह नकाशा मागावा, आणि कोणता चौक वा पूल दोन्हींत सामाईक आहे ते बोट ठेवून पाहावे. मग वर्षातून एकदा, सुटीच्या दिवशी, पहिली जोडणी स्वतःच्या हाताने काढून ठेवावी, बीजक फाडावयास बसावे, आणि दुसरी वाट चालू होण्यास किती मिनिटे लागली ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावीत.