प्रवाळांच्या टाकीस चिलर केवढा घ्यावा?

समुद्रांत जाणारा कोळी होडींत बर्फ भरतो तो अंदाजपंचे भरीत नाहीं. किती दिवस बाहेर राहावयाचें, मासळी किती मिळेल, ऊन कसें आहे, हें सारें मनांत धरून तो बर्फाचें माप ठरवितो. बर्फ कमी पडला तर मासळी नासते. फार घेतला तर पैसा पाण्यांत जातो. मुंबईस कफ परेडच्या मच्छीमार नगरांत आम्ही निवृत्तीनंतर राहतों. तेथें हा हिशेब रोज आमच्या डोळ्यांसमोर चालतो. तरीही घरच्या काचेच्या टाकीसाठीं थंडावा विकत घेतांना आम्हीं तो केला नाहीं, व त्याचें प्रायश्चित्त टाकींतल्या मुक्या जीवांस भोगावें लागलें.

टाकी पुतण्याच्या हौसेची. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी व उंची प्रत्येकीं ४५. तींत समुद्राचें पाणी, कांहीं मऊ प्रवाळ व दोन क्लाउन मासे. एका दुकानदारानें टाकीकडे न पाहतांच, केवळ हॉर्सपॉवरचा आकडा सांगून, एक चिलर आमच्या पदरांत घातला. मे महिन्यांत तो अहोरात्र चालला, तरी पाणी ३१ अंशांखालीं उतरेना. प्रवाळ पांढरे पडले व पंधरा दिवसांत मेले. मासे तेवढे वाचले. शेजारच्या वृद्ध तांडेलांनीं विचारलें, "भाऊसाहेब, बर्फ किती लागेल तें आधीं मोजलें होतें काय?" सारी हयात दुसऱ्यांच्या जमिनींचे आकडे मांडण्यांत घालविलेल्या आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी आहे. त्याच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें जणूं त्याचा वाटेकरी असून उजेडावर अन्न तयार करतें व त्याचा मोठा भाग धन्यास देतें. नेहमींच्या उन्हाळ्याच्या कमाल उष्णतेहून पाणी एक-दोन अंशांनीं अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं हा करार मोडतो. शेवाळ बाहेर टाकलें जातें आणि प्रवाळ पांढरा पडून उपाशी राहतो. १९९८ व २०१६ सालीं जगांतील समुद्रांत हें मोठ्या प्रमाणावर घडलें. म्हणून घरच्या टाकींत पाणी २४ ते २७ अंश सेंटिग्रेड ठेवावें.

मालवणच्या किंवा आपल्या दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणूं नयेत. कठीण प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचें संरक्षण आहे. किनारा-रस्त्याच्या कामांत वरळी व हाजी अली येथें आढळलेले प्रवाळ २०२० सालीं परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावे लागले, यावरून त्यांचें मोल ध्यानांत यावें.

आतां कोणी म्हणेल, पंखा लावल्यास भागणार नाहीं काय? ह्याचें उत्तर घरच्या माठापाशीं आहे. नाशिक-सोलापूरकडे कोरड्या चैत्रांत माठ पाणी गार करतो. मुंबईच्या दमट हवेंत तोच माठ निरुपयोगी ठरतो, कारण पाण्याची वाफ होण्यास हवेंत जागाच उरत नाहीं. पंख्याचेंही तसेंच आहे. देशावर तो पुरेल. मुंबईंत मे महिन्यांत तो पाणी २६ अंशांवर आणील ही आशा व्यर्थ होय.

मापाची रीत सोपी आहे. टाकींत प्राणी सोडण्यापूर्वीं, ऐन उन्हाळ्यांत, दिवे व पंप सुरू ठेवून, बंद बाटल्यांत गोठविलेल्या बर्फानें पाणी २६ अंशांवर आणावें. मग बाटल्या काढून दर तासास उष्णतामान लिहावें. आमच्या टाकींत दोन तासांत दीड अंश चढला, म्हणजे ताशीं पाऊण अंश. खालची गाळण-टाकी धरून व दगड-वाळूची जागा वजा करून पाणी सुमारें २०० लिटर भरलें. एक लिटर पाणी एक अंशानें तापविणाऱ्या उष्णतेस आपण एक उष्मांक म्हणूं. तेव्हां २०० गुणिले पाऊण, म्हणजे ताशीं १५० उष्मांक टाकींत शिरतात. कांहीं हवेंतून, कांहीं दिव्यांतून, आणि पाण्यांत बुडालेल्या पंपाची तर सगळी वीज शेवटीं उष्णताच होते.

एक किलो बर्फ वितळतांना ८० उष्मांक शोषितो. दिवसभर हीच गति धरली तर ३,६०० उष्मांक, म्हणजे ४५ किलो बर्फ झाला! हा आकडा ऐकून तांडेलही चकित झाले. यंत्रवाल्यांचा 'टन' मुळीं बर्फाचाच आहे. चोवीस तासांत सुमारें ९०७ किलो बर्फ वितळल्यानें जो थंडावा मिळतो, ताशीं सुमारें ३,००० उष्मांक, तो एक टन.

आलेल्या आकड्यांत तिसरा हिस्सा अधिक धरावा. आमचे १५० चे २०० झाले. म्हणजे सुमारें २३० वॅट किंवा ८०० बी. टी. यू. थंडावा. दुकानांत हॉर्सपॉवर विचारूं नये. तो आकडा यंत्राच्या मोटरीचा, थंडाव्याचा नव्हे. आपल्या खोलीच्या उष्णतेस, ३४ अंशांस, यंत्र किती थंडावा देतें तें विचारावें. गार खोलींत मोजलेला आकडा येथें भरत नाहीं. यंत्र फार मोठें घेतलें तर तें घडोघडीं सुरू-बंद होऊन झिजतें. पाण्याची नळी टायटेनियमची असावी. तांब्याचा अंश प्रवाळांस विष आहे. यंत्र कपाटांत कोंडूं नये. काढलेली उष्णता तें स्वतःच्या विजेसह खोलींतच सोडतें. खाऱ्या वाऱ्यानें जाळी गंजते, ती दरमहा पुसावी. वीज गेल्यास उपयोगी पडाव्या म्हणून गोठविलेल्या बाटल्या तयार ठेवाव्या.

ह्या मापानें घेतलेला दुसरा चिलर दोन उन्हाळे चालला आहे. भर दुपारीं तो तासांतून पाऊण तास चालतो व पाव तास विसावा घेतो.

हीच रीत शेतकरी बंधूंस दूध थंड करण्याचें यंत्र घेतांना उपयोगी पडेल. १०० लिटर दूध ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणण्यास सुमारें ३,००० उष्मांक काढावे लागतात. तीन तासांत काम उरकावयाचें तर ताशीं १,००० उष्मांक, म्हणजे टनाचा तिसरा भाग, व त्यावर वरीलप्रमाणें जादा हिस्सा. एवढा आकडा कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी. आम्हीं तो नंतर लिहिला.