एलेक्ट्रोनिका बीके-००१० संगणकातील स्मृतिदोष आणि दुरुस्ती

एलेक्ट्रोनिका बीके-००१० हा सोव्हिएत संघात १९८० च्या दशकात तयार झालेला १६-बिट घरगुती संगणक आहे. 'बीके' हे 'घरगुती संगणक' या अर्थाच्या रशियन शब्दांचे आद्याक्षररूप होय. त्याची एक आवृत्ती शालेय संगणकवर्गांतही वापरली जात असे. आज टिकून असलेले बहुतेक संच संग्राहकांकडे व संग्रहालयांत आहेत आणि ते बंद पडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे स्मृती-चिपांमधील बिघाड. या संगणकात सदोष चिप कोणती, हे बऱ्याचदा पडद्याकडे पाहूनच ओळखता येते.

स्मृतीची रचना

बीके-००१० मध्ये ३२ किलोबाइट स्मृती असून ती के५६५आरयू६ प्रकारच्या १६ चिपांमध्ये विभागलेली आहे. प्रत्येक चिपमध्ये १६,३८४ बिट मावतात. १६ बिटांच्या प्रत्येक शब्दातील एकेक बिट एकेका चिपमध्ये असतो. त्यामुळे एक चिप निकामी झाली की संपूर्ण स्मृतीतील प्रत्येक शब्दाचा तोच बिट चुकतो. ही गतिक स्मृती असल्याने बिट सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि दर काही मिलिसेकंदांनी त्याचे पुनर्भरण करावे लागते. पडद्यासाठी स्मृती सतत वाचली जाते, त्या वाचनातूनच हे पुनर्भरण साधते.

स्मृतीचा वरचा अर्धा भाग, म्हणजे १६ किलोबाइट, पडद्यावरील ५१२ × २५६ ठिपक्यांसाठी राखीव असतो. पडद्याचे वाचन के१८०१व्हीपी१-०३७ ही नियंत्रक चिप करते. प्रोसेसर अडून बसला तरी ती काम करीत राहते, म्हणून सुरू न होणाऱ्या संगणकाचा पडदाही माहिती देतो.

दोषनिदान

प्रथम ५ व्होल्टचा पुरवठा आणि जोडण्यांचे संपर्क तपासणे आवश्यक असते. कमी विद्युतदाबामुळेही स्मृतिदोषासारखीच लक्षणे दिसतात. त्यानंतर पडदा पाहावा. एखादा बिट कायम 'चालू' राहिल्यास दर सोळा ठिपक्यांनंतर एक, अशा ३२ उभ्या रेषा उमटतात. शब्दातील सर्वांत खालचा बिट डावीकडे दाखवला जात असल्याने डावीकडून मोजून बिटाचा क्रमांक मिळतो व सर्किटच्या आराखड्यावरून त्याची चिप सापडते. बिट कायम 'बंद' असेल, तर काळ्या पडद्यावर काहीच दिसत नाही. पडदा उजळलेला असल्यासच रिकाम्या रेषा लक्षात येतात. याउलट सर्वच बिटांत गोंधळ असेल किंवा चित्राचे तुकडे पुनरावृत्त होत असतील, तर चिपांऐवजी पत्त्याची वाहिनी किंवा नियंत्रक संशयास्पद ठरतो.

या पद्धतीला मर्यादा आहे. चिपमधील निम्म्याच पेशी पडद्यावर दिसतात. पहिल्या ५१२ बाइटांत स्टॅक व प्रणालीची कामकाजाची माहिती असते; तेथील एकच पेशी बिघडली, तर पडदा निर्दोष दिसूनही संगणक सुरू होत नाही. काही चिपा थंड असताना नीट चालतात आणि तापल्यावर भारगळती वाढून चुकू लागतात. अशा वेळी एकेक चिप थंड करून पाहणे उपयोगी पडते.

चिप बदलणे

संशयित चिपच्या पाठीवर चांगली चिप ठेवून पाहण्याची युक्ती प्रचलित आहे, परंतु जुन्या चिपचे निर्गम एकाच पातळीवर अडकले असल्यास ती फसवी ठरते. खरा धोका चिप काढताना असतो. जुन्या बोर्डावरील तांब्याच्या पट्ट्या उष्णतेने सहज सुटतात. म्हणून चिप वाचवण्याचा हट्ट न धरता तिचे पाय कापून घेतात व डाख वितळवून एकेक पाय अलगद बाहेर काढतात. त्या जागी सॉकेट बसवता येते. सोव्हिएत चिपांच्या पायांमधील अंतर २.५ मिमी, तर पाश्चात्त्य मापात ते २.५४ मिमी असते. सोळा पायांच्या चिपमध्ये हा फरक एकूण ०.२८ मिमीच होतो, त्यामुळे अडचण येत नाही. ४० पायांच्या चिपमध्ये मात्र तो जाणवतो. नवी चिप उलटी बसल्यास आठवा व सोळावा पाय यांची अदलाबदल होऊन पुरवठा उलटा मिळतो.

मूळ चिप न मिळाल्यास ६४ किलोबिटांची के५६५आरयू५ किंवा तिच्याशी समतुल्य ४१६४ वापरता येते. आरयू६ मध्ये नववा पाय मोकळा असतो, तर या चिपांत तो आठव्या पत्तावाहिनीचा असतो. तो भूवाहिनीला जोडून स्थिर ठेवावा लागतो. तसे केल्यावर चिपचा एक चतुर्थांश भागच वापरात येतो.